घोळीच्या डोक्यातले दगड

घोळ हा मोठा मासा, आणि त्याच्या डोक्यात दोन दगड असतात. पांढरे, चिंचोक्याएवढे. दाताखाली आले की माझा नवरा ताटातच थुंकायचा आणि मला शिव्या घालायचा, जसे काही मीच पेरून ठेवलेत! तो वारला, मी मालवणला भावाकडे परत आले, पण दगड टाकले नाहीत. बिस्किटाच्या डब्यात साठवत गेले, वीस वर्षं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या दिवशीचं पान फाडायचं आणि त्यात दगडांची जोडी गुंडाळायची. दुसरा कागद घरात होता कुठे? पोहणाऱ्या माशाच्या डोक्यात देवानं दगड कशाला घातले, असं लहानपणी बापाला विचारलं होतं. तो म्हणाला, "तुझ्या डोक्यात घातल्यान, तशेच." मग परत कुणाला विचारलं नाही.

चौसष्ट सालचा मे महिना होता. माझी भाची तुळसा मॅट्रिकला बसली होती, तिला सायन्सला जायचं होतं. माझा भाऊ भिकाजी तयार झाला, पण एका अटीवर. पोरगी जाईल तिथे आत्येनं सोबत जायचं, खोली करून राहायचं, रांधून घालायचं. म्हणजे निकाल तिचा आणि रवानगी माझी! मला कोण विचारतंय?

एक मुंबई, नाहीतर कोल्हापूर. मुंबईचं विद्यापीठ शंभरी ओलांडलेलं, कोल्हापूरचं दोन वर्षांचं रांगतं पोर. मुंबईत समुद्र, मोठ्या प्रयोगशाळा आणि खर्च दुप्पट. कोल्हापूर स्वस्त, एस.टी.नं एका दिवसात पोचावं, पण घाटापलीकडे.

"थंय घोळ खंय गावतली?" मी भिकाजीला सुनावलं. "नदीतले चिखलाचे मासे खावन मी मरतलंय."

तुळसालाही मुंबईच हवी होती, कारण तिला समुद्रातल्या जिवांबद्दलच शिकायचं होतं. दोघी एकीकडे झालो, तेव्हा भिकाजीनं मान तुकवली. त्यात घाई होती बोटीची. पावसाळ्यात आगबोट बंद होते आणि निकाल लागतो जूनमध्ये. म्हणून आमच्याकडची पोरं पास की नापास कळायच्या आधीच मुंबईची बोट धरतात. शेवटच्या बोटीला आठ दिवस उरले आणि मी बोचकं बांधायला घेतलं.

तेव्हा कळलं की या कार्टीनं एप्रिलातच दोन कार्डं टाकली होती. दोन्ही गावच्या कॉलेजांत, प्राणिशास्त्राच्या प्रोफेसरांच्या नावानं. घोळीच्या डोक्यात दगड कशाला, एवढाच प्रश्न. वर माझ्या डब्याची आणि दगडांच्या कडांबद्दल मी काय बडबडते, त्याची कहाणी!

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "माझा येडेपण जगाक सांगितलंस? लाज नाय वाटाक?"

"जो उत्तर देईत, तेच्याकडे शिकतलंय," ती म्हणाली. शांतपणे, बापासारखी.

मुंबईहून आली छापील पुस्तिका. गुळगुळीत कागद, इमारतीचं चित्र, फीचा तक्ता. तुळसानं दोनदा उलटून पाहिली. प्रश्नाबद्दल एक अक्षर नव्हतं.

तीन दिवसांनी कोल्हापूरचं पाकीट आलं. तुळसा मोठ्यानं वाचू लागली आणि मी ऐकत नाही असं दाखवत नारळ खवत राहिले.

"हे दगड माशाच्या कानातले. त्यांच्यामुळे त्याला तोल सांभाळता येतो आणि ऐकू येते. मी हे फक्त वाचलेले आहे, कारण इथे समुद्र नाही. परंतु पावसानंतरच्या दगडाची कड दुधी असते आणि उन्हाळ्यातल्याची काचेसारखी, असे आपल्या आत्याबाई म्हणतात, ते माझ्याजवळच्या पुस्तकांत मिळाले नाही. असे का, मला माहीत नाही. त्यांना तारखा आठवतात काय?"

खवणीवर माझा हात थांबला. कानातले! चाळीस वर्षं मी डोकं खाजवतेय, आणि ते कानातले!

"आत्ये, आता काय करुया? थंय समुद्र नाय," तुळसा म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "पण ह्यो माणूस 'माका म्हायत नाय' म्हणता गो."

"मग जावया तेच्याकडेच."

"आणि तुझी मासळी?"

"सुके बांगडे मेले नाय आसत? गप रव आणि डबो उतरय."

शेवटची बोट आम्हांला न घेता गेली. भोंगा ऐकून तुळसा रडली, आणि मीही थोडी रडले. मुंबई ती मुंबईच. जूनमध्ये ती पास झाली आणि आम्ही घाट चढलो. डबा पूर्ण वेळ माझ्या मांडीवर होता.

प्रोफेसर चष्मेवाले, सडपातळ, तरणेच. त्यांनी डबा उघडला, एक पुडी सोडली, कागदावरची तारीख वाचली. दुसरी सोडली, मग तिसरी. मग माझ्यासाठी आणखी एक खुर्ची ओढली.

"प्रत्येकावर तारीख आहे?" त्यांनी विचारलं.

"घरात दुसरा कागद नव्हता," मी म्हटलं. कचेरीतली मराठी बोलताना जीभ अडखळत होती.

ते हसले नाहीत. शाई-टाक घेऊन एका चिठ्ठीवर लिहायला लागले. "नमुना कुणी गोळा केला, हे लिहावं लागतं. काय नाव लिहू?"

मी सवयीनं तुळसाकडे बोट दाखवलं.

"तिचं नव्हे," ते म्हणाले. "तुमचं."

"राधाबाई," मी म्हटलं. पुढे नवऱ्याचं नाव सांगायचं असतं, ते मी सांगितलं नाही.