मास्तरचे त्रेसष्ट सल्ले

घड्याळजी सकाळपासून चौथ्यांदा खुर्चीवरून उठला. भिंग डोळ्याला लावायचं, स्क्रू उचलायचा, तो तसाच परत ठेवून दाराशी जायचं, असं चाललं होतं. मेहुणा अजून आला नव्हता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून त्याचं केस कापायचं दुकान. बायको होती तेव्हा तो वर्षातून दोनदा डोकावायचा, तेही तिच्यासाठी. ती गेली आणि दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचेना. मग मेहुण्याने त्याला फोनवरच्या एका गटात ओढलं. महिन्याची फी भरायची आणि ‘मास्तर’ म्हणवणारा जाणकार रोज सकाळी सांगणार, आज कुठल्या सामन्यात कोणावर पैसे लावायचे. तेव्हापासून मेहुणा रोज दुपारी यायचा आणि काउंटरवर कोपर टेकून तासभर सामन्यांवर बोलायचा. तेवढा तास घड्याळजीला घरातली शांतता आठवत नसे.

आज मेहुणा मास्तरच्या ‘खास’ गटाची वर्षाची फी भरणार होता. दुकानात दुसरी खुर्ची घ्यायला साठवलेल्या पैशांतून.

तो आला तो फोन हातात घेऊनच. “दाजी, दोघांनी मिळून भरली तर सूट आहे. काढा पैसे.”

“आणि खुर्ची?”

“एक काय, चार खुर्च्या येतील.”

“त्याला एवढं कळतं तर आपली फी कशाला हवी त्याला?”

“पैसे घेतल्याशिवाय खरं कोण सांगतं? फुकटचे सल्ले माझ्या दुकानात रोज दाढीबरोबर मिळतात.”

घड्याळजीने ड्रॉवर उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग वही काढून काउंटरवर ठेवली.

दुरुस्त केलेलं घड्याळ तो लगेच गिऱ्हाइकाला देत नसे. आठ दिवस खुंटीला टांगायचा, रोज ठरल्या वेळी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडायचा आणि किती पुढे, किती मागे ते वहीत लिहायचा. त्याच सवयीने मास्तरचा सल्ला आला की तो उतरवून घेई आणि निकाल लागला की शेजारी खूण करी.

“त्रेसष्ट सल्ले. एकतीस बरोबर, बत्तीस चूक.”

“काहीतरीच! गटात मोजा. चाळिसात एकतीस बरोबर आहेत.”

“गटात चाळीसच उरलेत. तेवीस त्याने पुसले. नऊ चुकलेले तेवढे ठेवले, म्हणजे माणूस प्रामाणिक वाटतो. गेल्या मंगळवारी तू दुकानाचं भाडं त्याच्या सल्ल्यावर लावून घालवलंस ना? शोध तो सल्ला.”

मेहुण्याचा अंगठा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मंगळवारी गटात नुसतं ‘शुभ सकाळ’ होतं.

त्याने वही ओढून घेतली. पानं उलटता उलटता एका जागी थांबला. “इथे ‘पुसला’ असं लिहिलंय. तीन आठवड्यांपूर्वीची तारीख.”

“हो.”

“म्हणजे मी भाडं लावलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

खात्री करत होतो, असं सांगता आलं असतं. ते जिभेवरही आलं.

“माहीत होतं,” घड्याळजी म्हणाला. “सांगितलं असतं तर तू यायचा बंद झाला असतास.”

मेहुण्याने फोन खिशात घातला आणि पायऱ्या उतरला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी घड्याळजीने भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि दोन गल्ल्या ओलांडल्या. बाकावर तिघे बसले होते. मेहुण्याने त्याला आरशात पाहिलं.

“गर्दी आहे.”

“बसतो.”

मेहुण्याने खुर्चीतल्या माणसाची मान जरा जोरातच वाकवली. घड्याळजी बसला, उठला, दारापर्यंत जाऊन परत येऊन बसला. बाकावरच्या तिघांतले दोघे केस कापून गेले. मग मेहुणा मागे न वळता म्हणाला, “त्या भाड्यातलं अर्धं तुम्ही द्यायचं.”

“सगळं देतो.”

“अर्धंच. अर्धा गाढव मीही होतो.”