रिकाम्या पटावरची डोकरी

मोबाइलच्या काचेला मिरचीचं एक बी चिकटलं होतं—पिवळं, चपटं, नेमकं भूपेशच्या नावावर—आणि ते नखाने उडवायच्या आधी चेतना उगीचच थोडी थांबली, कारण बी तिथे आहे तोवर निरोप वाचला काय अन् न वाचला काय, सारखंच. मग उडवलं. 'ताई, माले आज चार वाजालगून शेडनं सांगनं शे. हां म्हनू का नही म्हनू? तू माले वळखस. तूच सांग.'

सकाळचे साडेअकरा. पथारीवर नजर पोचेल तिथवर मिरची वाळत पडलेली, देठ खुडणाऱ्या बायांच्या रांगा, आणि फाटकाजवळ पत्र्याच्या आडोशाला खुर्ची टाकून चेतना—हजेरीची वही मांडीवर, मोबाइल वहीवर. नऊ हंगाम ती हे काम करते. नवी बाई आली की पहिला आठवडा शिंकून शिंकून बेजार होते, मग मिरची अंगात मुरते आणि शिंका थांबतात. चेतनाच्या तर कधीच्याच थांबल्या. हे भूपेशला ठाऊक आहे, सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. म्हणूनच तर कोणाला शंका आली नाही.

तू माले वळखस... हेच ते. बाकी निरोपात टोचण्यासारखं काही नव्हतं. धाकटा भाऊ नवापूरला अकरा वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये कोंबड्या सांभाळतो. शेजारच्या शेडचा मालक मुलाकडे सुरतेला निघालाय, पाच हजार पक्ष्यांची शेड चालवायला देतोय, पहिली विचारणा भूपेशला झाली, आणि चारपर्यंत उत्तर गेलं नाही तर दुसरा गडी तयारच आहे. पिल्लाला ऊब किती लागते, पाणी कधी बदलायचं, खुराड्यात नुसतं पाऊल टाकून कोणता पक्षी आजारी हे कसं ओळखायचं—हे त्याच्याइतकं त्या मालकालाही कळत नसेल. पण तो मोठ्या बहिणीला विचारतोय. आणि बहिणीचा अंगठा, कोणी न सांगता, 'न'वर जाऊन बसला होता. नको. तुझ्याच्याने व्हायचं नाही रे, ऐनवेळी थांबशील तू...

कशावरून? चेतनाने अंगठा उचलला. कशावरून म्हणतेस तू हे?

तर त्या एका डावावरून. खेळ मोबाइलवरचा, पत्त्यांचा. पण रमी-तीनपत्तीतला नव्हे, पैशांचा तर मुळीच नव्हे. चित्रांची पानं—शिपाई, जनावरं, चेटकिणी—खेळता खेळता पुडकी मिळतात, पुडक्यात कधी दुर्मीळ पान निघतं, आणि माणसं त्या एका पानासाठी वर्ष वर्ष झुरतात. नावं सगळी इंग्रजी. बहीणभावांनी आपली ठेवली होती: गेंड्याला सरपंच, आणि बोळक्या तोंडाच्या काठीवाल्या चेटकिणीला डोकरी. डोकरी मिळायला चेतनाला चौदा महिने लागले. ती पटावर आली की आपले मेलेले सगळे गडी उठून उभे राहतात—म्हणजे ती शेवटी टाकायची, अर्धं सैन्य आडवं झाल्यावर. अजून कोणी मेलंच नाही तेव्हा डोकरी टाकणं म्हणजे पंगत बसायच्या आधी पत्रावळी उचलणं.

आणि चेतनाने नेमकं तेच केलं होतं. चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, साठ जणांच्या त्यांच्या क्लबाच्या अंतिम सामन्यात, समोर भूपेश. त्या दिवसांत नवापूरला कोंबड्यांत आजार शिरला होता, शेडच्या शेड रिकाम्या केल्या होत्या, भूपेशने स्वतःच्या हाताने वाढवलेले पक्षी खड्ड्यात गेलेले पाहिले होते, आणि तो धानोऱ्याला घरी येऊन नुसता खेळत बसायचा. त्याचा पट भरलेला, तिचा रिकामा. ती याच खुर्चीत. मागे बायांनी एकाएकी ढीग उलटला, लाल धुरळा उठला, आणि कितीतरी हंगामांनी तिला ती शिंक आली... डोळे उघडले तेव्हा अंगठ्याखालून पान निसटून डोकरी पटावर उभी होती, एकटी, काठी टेकून, कोणाला उठवायचं ते शोधत.

एका घावात संपवता आलं असतं त्याला. त्याने वार केलाच नाही. खेळी सोडून दिली. पुढचीही सोडली. तिसऱ्या खेळीला चेतनाच्या हातात सरपंच आला, आणि ती जिंकली.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण क्लबाच्या गटात सगळे विचारायला लागले—ही काय चाल होती? आणि तिने लिहिलं. हो, तिनेच लिहिलं, शुद्ध मराठीत, शाळेत निबंध लिहावा तसं: 'मला माहीत होतं, भूपेश थांबेल. लहानपणी रिकाम्या अंगणातही त्याला कुत्रं दिसायचं.' पन्नासेक हसरी तोंडं आली. महिनाभर चेतना क्लबात मोठी असामी होती. कोणी खेळताना कचरला की म्हणायचे, ह्याचा भूपेश झाला. पुढच्या महिन्यात भूपेशने खेळ काढून टाकला. शेडमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, बाहेरचा आजार आत येतो, म्हणाला. ते खरंही होतं. सोयीचं असलं की खरं फार लवकर पटतं माणसाला.

तिच्या मनातला आपला सगळ्यात चांगला डाव खरं तर वेगळाच होता, आणि तो हरलेला होता. मारेक नावाचा कोणी परमुलखातला, चाळीस मिनिटं, तिने एकही पान वावगं टाकलं नाही, डोकरी नेमक्या क्षणी, मेलेले सगळे उभे... आणि एका गुणाने गेला. त्या खेळात बोलायला सहाच तयार वाक्यं असतात. मारेकने त्यातलं एक पाठवलं: छान खेळलात. ती संध्याकाळभर मनात आनंदली होती. तो डाव कोणी पाहिला नाही. जो पाहिला, तो शिंकेचा होता.

"वही उलटी धरेल शे तुनी," माठाशी पाणी प्यायला आलेली रूपलीबाई म्हणाली. ती दर हंगामाला सातपुड्यातून कामाला उतरते आणि मुकादमापासून मालकापर्यंत सगळ्यांना एकेरीच बोलते. चेतनाने वही सुलटी केली.

"रूपलीबाई, मी एकदाव शिंकनू व्हतू इथं. याद शे का तुले?"

"शे ना. मी सांगं तुले, शिंकनी तू, जराशी थांब. तू ऐकं नही. मोबाइलमा पाही पाही हासत व्हती." रूपलीबाईने पदराने तोंड पुसलं आणि ती रांगेत जाऊन बसली.

म्हणजे साक्षीदार होता. चार वर्षं इथेच दहा पावलांवर देठ खुडत होता, आणि त्याला या सगळ्याचं काडीचं महत्त्व नव्हतं. चेतनाला एकदम लाज वाटली. भावाच्या आयुष्याचा कौल ती एका शिंकेवरून द्यायला निघाली होती, आणि तीही स्वतःच्याच. लिहून चालणार नव्हतं. लिहिलं की शुद्ध होतं, आणि शुद्ध झालं की खोटं. तिने फोन लावला.

"बोल ताई." मागे कोंबड्यांचा कलकलाट नव्हता, म्हणजे तो शेडबाहेर उभा होता, वाट पाहत.

"भूपेश, ती शिंक व्हती."

"कोनती?"

"त्या डावनी. डोकरी मी टाकी नही. शिंक उनी अन् अंगठा सरकना. बाकी मी जे लिखं ते... मन्हं मीच बनाडं."

पलीकडे नवापूरच्या रस्त्यावरून एक ट्रक जाताना ऐकू आला.

"माले माहीत व्हतं," तो म्हणाला.

"काय माहीत व्हतं?"

"पान पडी गयं म्हनीसन. शिंकनं नव्हतं माहीत. पन तू कोठे डोकरी अशी टाकस? आपला घरमा पडेल पान कोन धरस, ताई?"

खरंच. माजघरात पत्ते पडायचे तेव्हा तो घरचा कायदा होता: हातातून निसटलेलं पान मोजायचं नाही, उचलून परत घेऊ द्यायचं. मोबाइलला हा कायदा ठाऊक नाही. त्यात पडलं ते पडलं. म्हणून... म्हणून त्याने दोन खेळ्या सोडून दिल्या? परत घेता येत नाही तर निदान सावरायला वेळ द्यावा म्हणून?

"मंग तवय काबर नही बोलना तू?" तिचा आवाज तिलाच चिरका लागला. "समदा तुले हासत व्हतात."

"तू इतली खूश व्हती," भूपेश म्हणाला. मग कोणीतरी त्याला हाक मारली. "येस मी, ताई. पिल्लासनी गाडी उनी." आणि फोन बंद.

चेतना मोबाइल हातात धरून बसली. तो खरं बोलला? की आत्ता, या क्षणी, बहिणीला लाज वाटू नये म्हणून पुन्हा एक खेळी सोडून दिली त्याने? दोन्ही शक्य होतं. आणि दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्यात भित्रा माणूस कुठेच बसत नव्हता; तो तिने बसवला होता. तिला रडू येईलसं वाटलं, पण पथारीवर डोळे चोळायचे नसतात, हात मिरचीचे असतात.

आणि मग लक्षात आलं की शेडचं विचारायचंच राहिलं. तिने मोबाइल उघडला. निरोप तसाच होता: तू माले वळखस. तूच सांग. चार वाजायला अजून खूप वेळ होता. भूपेश काय करेल?—तिने सवयीने स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट पाहत राहिली. इतकी वर्षं ते विचारायच्या आधीच हजर असायचं. आज तिला ठाऊक नव्हतं.