सातव्या नंबरची चिठ्ठी

हॉलमध्ये खुर्च्या दीडशे आणि माणसं तीनशे. जिन्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर, अगदी चपलांच्या ढिगाशेजारीही माणसं टेकली होती. कुणाच्या मांडीवर एक्स-रेची पाकिटं, कुणाच्या खांद्यावर पेंगलेलं तापाचं पोर. पंखे नुसतीच गरम हवा ढवळत होते, आणि सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या माणसाच्या तळहातावर खिळले होते.

त्या तळहातावर चष्म्याच्या डबीएवढं यंत्र होतं. छोटा पडदा, खाली बारीक बारीक बटणं, आणि कडेतून निघालेल्या तारेच्या टोकाला तांब्याची कांडी. रोग्याने कांडी मुठीत धरायची, स्वतःला तरंगगुरू म्हणवणाऱ्या त्या माणसाने डोळे मिटायचे, पडद्यावर हिरव्या लाटा धावायच्या आणि शेजारच्या छोट्या प्रिंटरमधून कर्र करत रोग्याचा त्या दिवशीचा नंबर छापलेली चिठ्ठी बाहेर यायची.

"शरीर खोटं बोलेल, डॉक्टर खोटं बोलेल, लहर खोटं बोलत नाही!" गुरू गरजला. "आणि चिठ्ठीवरची तारीख बघा. एक जानेवारी एकोणीसशे सत्तर! रोज तीच! का? कारण या यंत्राला काळ लागू नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

हातात मावणारी यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. ज्याच्या घड्याळाचा सेल संपलेला असतो, असं यंत्र बरेचदा त्याच तारखेला उठतं. गुरूचा काळावरचा विजय म्हणजे नाण्याएवढा एक मेलेला सेल होता. पण टाळ्या थांबत नव्हत्या. शेजारी बसलेला माझा दादाही वाजवत होता.

दादा लेथवर काम करतो. विसाव्या वर्षापासून त्याला फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्या आणि गेली सहा वर्षं एकही आली नव्हती. पण गोळ्यांनी झोप यायची, शब्द आठवायचे नाहीत, आणि डबा खाताना सगळ्यांदेखत गोळी घ्यायची त्याला लाज वाटायची. गुरूने त्याला कांडी दिली, चिठ्ठी फाडली.

"मेंदूत काही नाहीच मुळी! यकृतात उष्णता, सदुसष्ट टक्के. ही उष्णता डोक्यात चढते. आणि चढवतं कोण? तुझ्या गोळ्या!"

त्या दिवसापासून दादाने गोळ्या बंद केल्या. सकाळ-संध्याकाळ गुरूचं हिरवं तेल तळपायाला चोळू लागला.

"अरे, तू फिरत्या मशीनपुढे उभा असतोस," मी म्हटलं.

"मग काय जन्मभर गुंगीत जगू? तू तुझ्या स्क्रू-ड्रायव्हरचं बघ."

"वन्सं, जाऊ दे," वहिनी हळूच म्हणाली. "कित्येक वर्षांनी मोकळे हसतायत ते."

मी दुकानाची किल्ली उचलली आणि निघाले.

नवव्या दिवशी गुरूचा सेवक माझ्या दुकानात आला. सफारी सूट, कपाळावर घाम. रुमालात गुंडाळलेलं यंत्र त्याने काउंटरवर असं ठेवलं, जणू तान्हं बाळच.

"ध्यानातून बाहेर येत नाहीये," तो म्हणाला. "उद्या कार्यक्रम आहे."

"म्हणजे चालू होत नाही?"

"तुमच्या भाषेत तसं म्हणा."

तो गेल्यावर मी मागचं झाकण उघडलं. आत ओळखीचाच माल होता. हौशी लोक असे खिशातले लिनक्स कॉम्प्युटर घरी जोडतात, त्यातलाच एक. बॅटरी ठीक होती. पडदा उजळायचा, चार ओळी यायच्या आणि सगळं ठप्प. आतल्या तीन सोल्डरच्या टाक्यांना तारा लावून मी ते माझ्या लॅपटॉपशी जोडलं. पडद्यावर न दिसणाऱ्या ओळी तिथे दिसू लागल्या. यंत्र मेमरी कार्ड शोधत होतं आणि त्याला ते सापडत नव्हतं. कार्डाच्या खाचेतली एक पिन वाकली होती. ती सरळ केली, तरी गाडं पुढे सरकेना. मग कळलं, यंत्राला जागं करणारा जो मूळ प्रोग्राम असतो, तो कुणीतरी बदलायला घेतला होता आणि मध्येच वीज गेली होती. अर्धा नवा, अर्धा जुना. मी तो पुसून पूर्ण भरला. यंत्र उठलं. तारीख अर्थातच एक जानेवारी सत्तर.

राहिली कांडी. तिची तार आत येऊन गोंदाच्या एका गोळ्यात संपत होती. मला वाटलं टाका सुटलाय, म्हणून तो कुठे जोडायचा ती जागा शोधत बसले. भिंग घेऊन दोन्ही बाजू पाहिल्या. जागाच नव्हती. कांडी कशालाच जोडलेली नव्हती आणि कधीच जोडलेली नसणार. दीडशे खुर्च्यांवरची माणसं रोज गोंदाचा गोळा मुठीत धरून बसत होती.

दुरुस्ती झाली की यंत्र चालवून पाहायचं, हा माझा नियम. मी प्रोग्राम सुरू केला. कांडी टेबलावरच्या फडक्यावर पडली होती. फडक्याला रोग निघाला, 'आतड्यात राग, अठ्ठावन्न टक्के.' मी हसले. पुन्हा बटण दाबलं. दुसरा रोग, तिसरा, चौथा. सातव्यांदा पडद्यावर आलं, 'यकृतात उष्णता, सदुसष्ट टक्के.'

माझं हसू तिथेच विरलं. दादाचा नंबर सात होता.

यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा आतड्यात राग. पुन्हा सातवं यकृत. प्रोग्राम उघडून वाचला, जेमतेम पानभर होता. बेचाळीस रोगांची यादी आणि त्यातून एकेक उचलायची सूचना. उचलायचं कसं, ते तारखेवरून ठरायचं. तारीख बदलली की क्रम बदलला असता. पण सेल मेलेला, रोज चालू केलं की तारीख तीच, म्हणून रोगांचा क्रमही रोज तोच. ज्याने हे लिहिलं त्याने खोटेपणासुद्धा नीट केला नव्हता. एवढ्यावर माझा भाऊ मृत्यूच्या समोर उभा होता.

तशीच उठून कारखान्यात गेले. दादा लेथपुढे होता, लोखंड भिंगरीसारखं फिरत होतं.

"मशीन बंद कर."

"काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?"

"बंद कर, नाहीतर मुकादमाला सांगते की तू गोळ्या सोडल्यास."

त्याने बंद केली. त्याचा चेहरा काळा पडला. "माझी नोकरी घालवायला आलीस?"

मी सगळं सांगितलं. फडकं, गोंद, सातवा नंबर. तो ऐकून म्हणाला, "एक चिठ्ठी जुळली म्हणून काय झालं?"

"उद्या सुट्टी घे. हॉलमध्ये ये. मी खोटी ठरले तर परत तोंड उघडणार नाही."

सेल मी मुद्दाम बदलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र घेऊन गेले, तर गुरूने मला थेट व्यासपीठावर ओढलं.

"या कन्येच्या हातून यंत्राचा पुनर्जन्म झाला! सांग बेटा, आत काय पाहिलंस?"

त्याने स्वतःच माईक माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "ज्यांच्या चिठ्ठीवर नंबर एक आहे त्यांनी उभं राहा. कुठल्याही दिवशीची चालेल."

लोक चिठ्ठ्या प्लास्टिकमध्ये जपून आणत, गुरूचा तसा हुकूमच होता. नऊजण उभे राहिले. एका बाईने वाचलं, "आतड्यात राग, अठ्ठावन्न टक्के." शेजारच्या बसचालकाने वाचलं, "आतड्यात राग, अठ्ठावन्न." तिसऱ्याने आपली चिठ्ठी त्याच्या चिठ्ठीशेजारी धरून पाहिली.

"सकाळच्या पहिल्या माणसात राग असतोच!" गुरू हसला. त्याच्याबरोबर दोघं-तिघं हसले.

"आता नंबर सात," मी म्हटलं.

हॉलच्या मध्यावर दादा उभा राहिला. त्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "यकृतात उष्णता. सदुसष्ट." मागून एक शिक्षिका म्हणाली, "माझंही सदुसष्ट." खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "आणि माझ्या आईचंही!"

"हिने यंत्र उघडलं, हिने बिघडवलं!" गुरू किंचाळला.

"माझी चिठ्ठी चार महिन्यांपूर्वीची आहे," शिक्षिका म्हणाली. "तेव्हा ही बाई कुठे होती?"

मग मी तार, गोंद, यादी आणि सेल सगळं समजावून सांगितलं. यंत्र बंद करून चालू केलं, कांडी व्यासपीठावरच्या एका रिकाम्या खुर्चीच्या पायाला टेकवली आणि बटण दाबलं. प्रिंटरने खुर्चीच्या आतड्यात राग असल्याचं छापून दिलं.

गुरूने यंत्र माझ्या हातून हिसकावलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई उठली. शिवणकाम करत असावी, गळ्यात अजून मोजायची टेप होती.

"ह्यांचाही नंबर सात होता," ती म्हणाली. "हृदयाच्या गोळ्या बंद करायला लावल्यात तुम्ही. दोन महिन्यांत गेले. तुम्ही म्हणालात, आमचाच उशीर झाला. मी स्वतःला दोष देत बसले. मग ह्यांना झालं काय होतं?"

गुरू खाली मान घालून तार गुंडाळत होता. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या दाराने निघून गेला. मी आयुष्यात बरीच घाण साफ केली आहे, पण त्या तार गुंडाळणाऱ्या बोटांइतकी किळस मला कशाचीच आली नाही.

तीनशे माणसांपैकी गुरूविरुद्धच्या तक्रारीवर सह्या आठच जणांच्या. पहिली त्या बाईची, दुसरी दादाची. बाहेर पडताना दोघं सेवकाला विचारत होते, "गुरू आता कुठे बसणार?"

डॉक्टरांनी दादाच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या, गुंगी कमी व्हावी म्हणून बदलून दिल्या आणि काही महिने त्याला लेथपासून लांब ठेवलं. या गोळ्या बदलता येतात का, हे त्याने सहा वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. तो पॅकिंगला बसतो आणि माझ्याशी कामापुरतं बोलतो. माझी तक्रार नाही.

चालू औषध बंद करा असं जो सांगेल, त्याला विचारा, कशावरून? एकाच माणसाची तपासणी दोनदा करून दाखवा म्हणावं. आणि गोळीचा त्रास होत असेल तर ज्याने ती दिली त्याच्याकडे जा. यासाठी यंत्रांमधलं काही कळावं लागत नाही. त्या हॉलमध्ये चार महिने माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती, हातात तीच चिठ्ठी घेऊन. शेजाऱ्याची वाचून बघायला कुणाला माझी गरज नव्हती.