चाकं जमिनीवरच राहू दे

"जॅक काढ आधी," सर्जेराव म्हणाले. "चाकं जमिनीवरच राहू दे."

"काका, गाडी जॅकवर चढवूनच बघत्यात," केदारखेड्याच्या फाट्यावरचा तातेराव मिस्त्री हातातला पान्हा खाली न ठेवता म्हणाला. "परवा चाकं हालवून पाह्यली. स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला. गाडी टकाटक हाय. आता चालवणाराचं वय झालं, त्याला मी काय करू?"

वय झालं. आठ दिवस हे दोन शब्द सर्जेरावांची पाठ सोडत नव्हते. गेल्या गुरुवारी हसनाबादच्या रस्त्यावर त्यांची जुनी फोर-व्हील जीप सरळ चालता चालता डावीकडे ओढली गेली आणि कापूस वेचणाऱ्या सात बायकांसकट रस्त्याकडेच्या चारीत उतरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण गावाला बोलायला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून बायका त्यांच्या मुलाच्या, कल्याणच्या, नव्या गाडीत बसू लागल्या. कल्याणने तर जीपला गिऱ्हाईकही पाहून ठेवलं. एकतीस वर्षं या माणसाने बाळंतिणी नेल्या, वऱ्हाडं नेली, नाल्याला पाणी असताना मतपेट्या नेल्या. ते सगळं एका चारीने खाल्लं. माणसं इतकी पटकन विसरतात की राग यावा, आणि सर्जेरावांना तो चांगलाच आला होता.

"उचललेल्या चाकावर वजन न्हाई. वजन न्हाई तर ढिल्लं कुठंय हे कसं कळंल?" ते म्हणाले. "आन् स्क्रू आवळून तू नुस्तं दुखणं दाबलं. आता वळल्यावर स्टेअरिंग माघारीच येत न्हाई."

त्यांनी सोबत आलेल्या बायकोला, बेबीनंदाबाईंना, ड्रायव्हरच्या जागी बसवलं. जन्मात त्या तिथे बसल्या नव्हत्या.

"इंजिन बंदच हाय, भिऊ नको. चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं. मी बास म्हणेस्तोवर फिरवत राह्य."

"आन् तुम्ही?"

"मी खाली."

पासष्टीचा माणूस पोतं अंथरून जीपखाली सरकला. तातेराव हसला, पण जॅक त्याने काढला होता. फाट्यावर कल्याणच्या गाडीसाठी थांबलेल्या त्याच सात बायकाही बघायला जवळ आल्या.

"दादा, गिऱ्हाईक अकराला येऊन राह्यलं," तेवढ्यात गाडी घेऊन आलेला कल्याण वडिलांवर वैतागला. "कशाला तमाशा?"

"तमाशा तुम्ही केला. मी तपासून राह्यलो."

वर स्टेअरिंग डुलत होतं. खाली सर्जेराव एकेका सांध्यावर तळहात ठेवत होते. सांधा ढिला असला की एक दांडी आधी हलते, दुसरी मागून, आणि मधला झटका हाताला लागतो. पहिला सांधा घट्ट. दुसरा घट्ट. दोन्ही चाकांजवळचेही घट्टच निघाले. बेबीनंदाबाईंचे खांदे भरून आले. सर्जेराव तेव्हा पहिल्यांदा धास्तावले. मिस्त्रीचंच खरं असेल तर? खरोखरच आपले हात गेले असतील तर?

मग त्यांनी तळहात स्टेअरिंगच्या बॉक्सवर ठेवला. तो बॉक्स गाडीच्या सांगाड्याला, चॅसीला, बोल्टने जखडलेला असतो, जागचा हलता कामा नये. तो हलत होता. सर्जेरावांनी मागचा वाळलेला चिखल पेचकसाने खरवडला. चॅसीच्या पत्र्याला वीतभर चीर पडली होती.

"तातेराव, ये खाली."

"काका, मी पाह्यलं ना परवा."

"तू वरून पाह्यलं. झोप इथं. हात ठेव, तुझा."

तातेराव पाठीवर झोपला. बेबीनंदाबाईंनी स्टेअरिंग फिरवलं, चीर उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तो बराच वेळ खालीच होता. बाहेर आला तेव्हा त्याची मान वर होईना.

"चॅसीच फाटली, काका. बॉक्स सरकला की चाकं आपोआप वळणारच. चुकलं माझं."

"मला नको सांगू. ह्या उभ्या हायेत त्यांना सांग. मोठ्यानं."

त्याने सांगितलं. मन मोठं म्हणावं, की सर्जेरावांच्या नजरेला भ्याला, कोण जाणे. पण गाडीचाच दोष होता, काकांच्या हाताचा बिलकुल नाही, हे त्याने सगळ्यांदेखत कबूल केलं.

"मंग वेल्डिंग मारून टाकू," कल्याण ओशाळून म्हणाला. "गिऱ्हाईकाला न्हाई म्हणतो."

"न्हाई. आतून गंजली ती. हिच्यात आता माणसं बसवायची न्हाईत." इतका वेळ खणखणीत असलेला त्यांचा आवाज इथे फाटला. "देऊन टाक. पण चीर दाखवून दे."

त्यांनी बाहीने डोळे पुसले. लपवले नाहीत.

कल्याणने आपल्या गाडीचं दार उघडलं. बायका सरकल्या, पण त्यांच्यातली शालू दाराशीच अडून उभी राहिली. त्या गुरुवारी जीपमध्ये ती पुढच्या सीटवर होती.

"कल्याण, तू चावी दे सर्जेरावमामाला."

"का बरं?"

"फाटल्याली गाडी ज्यानं उलटू दिली न्हाई, तो चालवंल. न्हाईतर आम्ही पायी जातो."

बाकीच्या सहाजणीही हलेनात. कल्याणने चावी दिली.

नव्या गाडीचं स्टेअरिंग एका बोटाने फिरत होतं. झगडायला त्यात काही नव्हतंच. सर्जेरावांनी तरी दोन्ही हात ठेवले. आरशात मागे उभी असलेली जीप दिसत होती. त्यांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि गिअर टाकला.