देवी काढल्या का?

राजलक्ष्मीचं काम माझ्याआधी संपलं. देवीची साथ परळपर्यंत आली होती आणि लस थोडीच होती. कुठल्या चाळीत आधी टोचायचं, हे आम्ही दोघींनी घरोघर विचारून डॉक्टर कोठाऱ्यांना सांगायचं होतं. तिच्याकडे नायगाव, माझ्याकडे भोईवाडा. मी प्रत्येकाचा दंड उघडून लसीचा व्रण बघत होते. लस टोचून घेतली का, हे ती नुसतं विचारत सुटली, “देवी काढल्या का?”

“नायगावात बहुतेकांनी काढल्यात,” तिनं सांगितलं.

“याला म्हणतात झपाटा!” डॉक्टर खूश झाले. “मग उद्या भोईवाडा.”

मी बी.एस्सी., ती बी.ए.; कौतुक मात्र तिचं. तिची चूक सापडावी म्हणूनच मी संध्याकाळी नायगावला गेले.

दारात कमलाबाई तांदूळ निवडत होत्या. “समितीची का सरकारची गं तू?”

“दवाखान्याची. देवी काढल्यात ना?”

“दीक्षा समितीवालेही हेच विचारून गेले, कितींदा विचारता? काढल्या की! दीक्षा घेतली त्याच दिवशी. देवीचे टाक, तसबिरी, सगळं बोचक्यात बांधून दादरच्या समुद्रात. आता भिंतीवर फक्त बुद्ध.”

मला हसू फुटलं. सापडली! तेवढ्यात त्यांची नात बाहेर आली. बिनबाह्यांच्या झबल्यातले तिचे दोन्ही दंड कोरे होते. शेजारच्या खोलीत कुणीतरी तापानं कण्हत होतं. माझं हसू गेलं.

तशीच दवाखान्यात गेले आणि राजलक्ष्मीकडे बघत सगळं सांगितलं. वाटलं, चेहरा उतरेल. तिनं कपाळावर हात मारला. “अगं बाई! आणि मी त्यांना शाबासकी देऊन आले! डॉक्टर, उद्या टोचणाऱ्यांना मीच घेऊन जाते. मला ओळखतात त्या.”

“जा,” डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याकडे वळले, “तू भोईवाड्यात सांग, उद्या जमणार नाही.”

सकाळी भोईवाड्यात धोंडूमामा बाही वर करून जिन्यातच उभे. “टोचणारे कुठायत?”

“नायगावला.”

“आमाला सोडून? तिकडं कोण हाय त्यांचं?”

लस तिकडेच जायला हवी होती. मीच ती वळवली होती. तरी ते नाव घेताना जीभ जड झाली. “राजलक्ष्मीबाई.”

“वजन दिसतंय बाईचं.” मामांनी बाही खाली ओढली. “फुडच्या खेपेला तिलाच धाडा इकडं.”