छाती मालनची, बोलणं लेकाशी

मी जाळी बोलतेय. खिडकीची नाही, कोळ्याचीही नाही. साकीनाक्याच्या मालनच्या हृदयाला रक्त नेणाऱ्या नसेत मला बसवलंय. डॉक्टर मला स्टेंट म्हणतात. बॉलपेनातल्या स्प्रिंगपेक्षाही मी बारीक, पण राग माझ्यात मावत नाही. आणि छातीच्या आत राहते म्हणून मला ऐकू येत नाही असं कुणी समजू नये.

एका धातूच्या नळीतून मला किरणांनी कोरून काढलं, अंगभर औषधाचा लेप दिला, मिटलेल्या फुग्यावर आवळलं आणि खोक्यात घातलं. माझी निवड झाली ती तर मी स्वतःच्या कानांनी ऐकली. तेव्हा मी डॉक्टरांच्या खोलीतल्या कपाटात होते.

मालनची नस पूर्ण बंद होती. शंभर टक्के. गाळ्यांमधल्या कामगारांना जेवण वाढता वाढता तिला धाप लागायची, ती म्हणायची वय झालं. आता ही नस कुणाची? मालनची. खोलीत बोलावलं कुणाला? तिच्या लेकाला, सिद्धेशला. मालन बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. आईला टेन्शन नको, म्हणे! कोकणातल्या गावाहून एकटी येऊन जिने खानावळ उभी केली, तिला टेन्शन झेपणार नाही!

रेवती डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, खोटं कशाला बोलू. एक साधी जाळी असते, नुसत्या धातूची. तिच्यावर नसेचं आतलं कातडं लवकर चढतं. पण कधी ते इतकं माजतं की नस पुन्हा बुजते, आणि पूर्ण बंद पडलेल्या लांब नसेत तर हा धोका फार. दुसरी माझ्यासारखी, औषधाची. माझं औषध त्या कातड्याला आवर घालतं, म्हणून नस उघडी राहते. पण म्हणूनच माझा धातू बरेच दिवस उघडा राहतो, आणि उघड्या धातूवर रक्त गोठतं. तेव्हा रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या लांबपर्यंत घ्यायच्या. "मी सांगेपर्यंत एकही सोडायची नाही," असं त्या दोनदा म्हणाल्या.

सिद्धेशने विचारलं काय, तर यातली भारीतली कुठली. विरघळणारी पण येते ना, तिचं काय. फ्रिज घ्यायला गेल्यासारखा! गोळ्यांचं बोलणं चाललं तेव्हा त्याचं लक्ष मोबाईलमध्ये होतं. बाहेर येऊन आईला एवढंच सांगितलं, "टॉपची घालतायत आई. आता लाइफटाइम बघायला नको."

डॉक्टरांनी त्या बुजलेल्या नसेतून केसासारखी तार किती चिकाटीने पार केली! मग फुगा फुगला, मी उलगडले, आणि रक्त धावत आलं. त्या घटकेला मालन माझी झाली.

काही महिने बरे गेले. एक दिवस नारळ खवताना मालनचं बोट विळीला लागलं. रक्त थांबेना. गोळ्यांमुळे हातांवर निळे डाग आधीच होते. शेजारची शकू फडकं घेऊन धावली. शकूच्या छातीत माझीच बहीण आहे, साधी जाळी, फार वर्षांपूर्वीची.

"माझी ती दुसरी गोळी डॉक्टरने महिन्याभरात बंद केली होती गं," शकू म्हणाली. "तुझी अजून चालूच? विचारून बघ ना डॉक्टरला."

विचारायचं सोडून सिद्धेशने हिशेब मांडला. "शकूमावशीची साधी होती, तरी महिन्यात गोळी सुटली. आपली तर भारीतली आहे. बंद कर तू."

अरे गाढवा! भारीतली म्हणूनच जास्त दिवस! मी आतून ओरडत होते. पण आम्हा आतल्यांचं ऐकतो कोण? आणि मालनने तरी का मानू नये? तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

गोळी सुटली. माझ्या उघड्या अंगावर रक्ताचे कण चिकटू लागले. एक चिकटला की त्याला धरून दुसरा. मला ना हात, ना झाडू. दुपारच्या ऐन पंगतीत मालनच्या छातीत कळ आली, जबड्यापर्यंत गेली. जाळी तर टॉपची, मग हे काय असणार? गॅस. ती ओव्याचं पाणी करायला उठली आणि ओट्याला धरून खाली बसली.

शकूने तिच्या कपाळाचा घाम पाहिला. "गॅस गेला खड्ड्यात," म्हणाली, "मला असाच घाम आला होता. चल, ऊठ." तिने मालनला रिक्षात कोंबलं आणि नाक्यावरच्या ट्रॅफिकला रस्ताभर शिव्या घातल्या. त्या शिव्या ऐकून मला जरा बरं वाटलं. नस बंद होत आली होती. आणखी थोडा उशीर झाला असता, तर मालनबरोबर मलाही जाळलं असतं.

डॉक्टरांनी गुठळी ओढून काढली, फुगा फुगवला, मला पुन्हा ताणलं. मालन वाचली.

दुसऱ्या दिवशी रेवती डॉक्टर वॉर्डात आल्या, सिद्धेशच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "जरा बाहेर या, बोलायचंय."

मालन उशीवरून उठली. "त्याका खंय नेतंस गो बाई? छाती माझी आसा. हयच बोल."

डॉक्टर थबकल्या. मग स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या आणि सगळं पहिल्यापासून तिला सांगितलं. मालनने ऐकलं, उलटसुलट विचारलं. सिद्धेश भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "भारीतली म्हणान सांगलंस. गोळयेचा बोलणा खंय गिळलंस?" शकू फस्सकन हसली.

आता दोन्ही गोळ्या मालन स्वतः घेते आणि शकूला हाक मारून सांगते, घेतल्या गं. माझ्यावर हळूहळू कातडं चढतंय. ते पूर्ण चढलं की मी तिच्या अंगात मिसळून जाईन आणि गप्प होईन. तोवर मात्र बोलणार. माझ्या कितीतरी बहिणी आज खोक्यांत पडून आहेत. उद्या कुणाच्या तरी आईच्या छातीत जातील. ती आई या घडीला बाहेर बाकावर बसली असेल, मांडीवर पिशवी घेऊन. तिला आत बोलवा.