तीन पाण्यांनी धुतलेलं मीठ

डॉक्टरांनी बाळाच्या पाठीमागं पितळी वाटीवर चमचा हाणला. दहा महिन्यांचं पोर आईच्या, कौसाबाईच्या, मांडीवर ढिम्म. त्यांनी पुन्हा हाणला, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"काय लिखं साहेब?" भिकननं विचारलं. तो मोलगीच्या दवाखान्यातला कंपाउंडर.

"आईनं मीठ खाल्लेलं नाही."

भिकनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांपूर्वी हेच डॉक्टर संशोधनाला आले होते. डोंगरातल्या बायकांच्या गळ्याला गाठी का येतात, त्यांची पोरं बहिरी नि मंद का निपजतात, म्हणून. गळ्यांना टेप लावला, पोरांची डोकी मोजली. पोटातल्या पोराच्या मेंदूला आयोडीन लागतं, पोटुशींना हे आयोडीनचं मीठ खाऊ घाला, एवढं सांगून जीप गेली. पोती भिकनच्या खांद्यावर आली. अठरा घरं, दोन डोंगर. कौसाबाईचा थोरला जान्या सहा वर्षांचा होऊनही 'याहा' म्हणून आईला हाक मारत नव्हता. तिला भिकननं शब्द दिला होता, हे खा, दुसरं पोर बोलेल.

"खादं तिनी. मन्हा डोयासमोर रांधं."

"भिकन, आकडे खोटं बोलत नाहीत. ही माणसं बोलतात."

बोलणं आपल्याबद्दल चाललंय, हे कौसाबाईनं ताडलं. पोर खाली ठेवून ती आत गेली. बांबूच्या टोपलीत मूठभर खडेमीठ घेऊन आली, आणि त्यांच्यासमोर तांब्यानं त्यावर पाणी ओतलं. एकदा, दोनदा, तीनदा. मळकट पाणी अंगणात वाहून गेलं.

"असंच धोईसन खास मी रोज," ती म्हणाली.

डॉक्टर ताडकन उठले. "धुतेस? अगं, आयोडीन खड्याच्या वरवरच असतं. धुतलं की संपलं."

"भिकनभाऊनीच सांगं. पोतं मळकं शे, धोईसन खा."

खरंच होतं ते. दारोदार फिरून स्वच्छता शिकवणारा तोच होता. डॉक्टरांनी थैलीतून छापील कागद काढून त्याच्यापुढं धरला. इंग्रजी. "स्पष्ट लिहिलंय, धुऊ नये."

"हाऊ कागद माले कधय दिन्हा?"

"ऑफिसला पाठवला होता."

"ऑफिस धुळाले. मी आठे. नि माले इंग्रजी येस का, हाई तुम्ही कधी इचारं?" त्यानं वहीवर बोट ठेवलं. "खोडा ते. लिखा, कंपाउंडर चुकना, साहेब चुकना. बाई चुकनी नही."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "तसा रकाना नाही यात."

वाटी, चमचा, टेप सगळं थैलीत गेलं. "चल, उतार अवघड आहे."

भिकन हलला नाही. जीपची घरघर खालच्या वळणापाशी विरली, तेव्हा तो कौसाबाईसमोर जमिनीवर बसला.

"कौसाबाई, धोवानं नव्हतं ते. तू नही चुकनी. मी चुकनू."

तिनं ओल्या खड्यांची टोपली बाजूला सारली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं आतून तांब्या भरून आणला, पाहुण्याला देतात तसा दोन्ही हातांनी पुढं केला. भिकननं पाणी संपवलं.

अजून सतरा घरं होती. त्यांतल्या दोघी पोटुशी होत्या. भिकन वरच्या वाटेला लागला.